प्रश्नोत्तरे

बाहेर फळ्यावर खडूनं लिहिलं होतं:
‘प्राचीन संस्कृतींची न उलगडलेली रहस्ये’.
खाली माझं नाव, श्रीमती कुमुदिनी होनप,
आणि माझ्या नावामागे अर्धवट पुसलेलं दुसरं एक,
ज्यांना दुपारी ताप भरला.
सगळ्यात खाली, रंगवून, कायमचं:
‘चपला बाहेर काढाव्यात. हरवल्यास मंडळ जबाबदार नाही.’

सहा एकोणतीसला खांबेटे घड्याळ बघत म्हणाले,
‘थोडं पिरॅमिड वगैरे येऊ द्या बाई,
लोक त्यासाठीच येतात.’

मी आयुष्यभर खापरं काढली.
जमिनीतून नाही, कागदावर.
एकतीस वर्षं काळ्या शाईचे ठिपके,
गळ्याशी दाट, पोटाशी विरळ,
काठाचा वाकडेपणा कंपासनं मोजून.
माणसांसमोर मी याआधी एकदाच बोलले होते,
सोसायटीच्या सभेत,
पाण्याच्या टाकीबद्दल.

पहिली स्लाइड: घोडनदीच्या काठचं पांढरीचं टेकाड.
कुणीही श्वास रोखला नाही.
दुसरी: जळलेले जवाचे दाणे.
पुढच्या रांगेत एक आजोबा झोपले,
अगदी सज्जनपणे, मान न पाडता.
तिसरी: दोन रांजण आडवे,
तोंडाला तोंड लावलेले,
आत बाळ.
घरातच, चुलीपासून चार हातांवर.

चौथी स्लाइड उलटी लागली.
ती सरळ होईपर्यंत मी म्हणाले,
मोठ्या माणसांना घोट्याखाली पाय नव्हते.
पुरताना तोडलेले.
तेव्हा आजोबा जागे झाले.

साडेसातला प्रश्न.
पहिले गृहस्थ सात मिनिटं इजिप्तला जाऊन आले,
हॉटेलच्या नाश्त्यासकट.
मागून कुणी तरी म्हणालं, ‘यात प्रश्न कुठाय?’
दुसऱ्यानं परग्रह काढला.
मी म्हटलं, परग्रहावरच्यांनी
इतका वाकडा माठ घडवला नसता.
थोडं हसू झालं, मला बरं वाटलं.

मग खांबाआडून एक बाई उठल्या,
हातात भाजीची पिशवी तशीच.
‘पाय का तोडले?’
मी सांगितलं: मेलेल्यानं परत येऊ नये म्हणून, असं एक मत.
सोडून जाऊ नये म्हणून, असं दुसरं.
‘बरं,’ त्या म्हणाल्या,
‘पण मग ते पाय कुठं ठेवले?’

एकतीस वर्षांत
हे मला कुणी विचारलं नव्हतं.
मीही नाही.
मी त्या घोट्यांपाशी ठिपके देत आले,
रेघ संपली तिथं थांबले,
आणि कागद वाळत घातला.

गजाबाई आठवली, रोजावर चाळणी धरणारी.
अहवालात तिचं नाव नाही.
रांजण उघडला त्या दिवशी
तिनं चाळणी खाली ठेवली, पदर सारखा केला,
नि म्हणाली, ‘कुठं जातंय पोर?
आईच्या पायाखालीच हाय की.’
नंतर दिवसभर ती त्या खड्ड्याला वळसा घालून गेली.
आम्ही सरळ जात होतो.

हे मी सांगितलं नाही.
का, ठाऊक नाही.
आभारप्रदर्शन आठला होतं.
म्हटलं, ‘माहीत नाही.’
खांबेट्यांनी श्रीफळ पुढं केलं,
आणि सभागृह उठलं,
मसालेभात जेवून ताक न मिळाल्यासारखं.

बाहेर चपलांच्या रांगा,
दीडशे जोड, सगळे दाराकडे तोंड करून.
मी माझ्या शोधत राहिले.
माणसं येऊन आपापले पाय उचलून नेत होती.
शेवटी एक जोड उरला, माझा नव्हे,
एक नंबर लहान, अंगठा उसवलेला.

खांबेटे ओशाळले. ‘रिक्षा बोलावतो.’
नको म्हटलं, जवळच आहे.

नारळ काखेत,
एरंडवण्यातला रस्ता मे महिन्यातला,
अजून कोमट.
खडी टोचत होती, एकेक, वेगवेगळी.
मी हळू चालत होते.
त्या बाई पुढं वळणावर थांबल्या होत्या,
पिशवी या हातातून त्या हातात घेत.
‘चला,’ म्हणाल्या, ‘बघून पाय टाका.’